समासातला शेरा

एकतीस वर्षं इतिहास शिकवून बाई निवृत्त झाल्या, तेव्हा शाळेने त्यांच्या जागी कोणालाच घेतलं नाही. त्यांचे तास खेळाच्या सरांना आणि चित्रकलेच्या बाईंना अर्धे अर्धे वाटून दिले. खेळाचे सर निरोप समारंभातच त्यांच्याजवळ येऊन म्हणाले की बाई, तुमच्या नोट्स तेवढ्या देऊन जा, मी वर्गात वाचून दाखवीन. त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं होतं, म्हणून ते जास्त लागलं.

मुलं त्यांना मागे 'सनावळी' म्हणायची. बाईंना ते माहीत होतं आणि आतून थोडं आवडतही होतं. वर्गात शिरल्या शिरल्या त्या कुठल्यातरी बाकाकडे बोट करून सन विचारायच्या, आणि पोरगं सन विसरलं की तास संपेपर्यंत उभं राहायचं. तह, लढाया, गादीवर कोण बसलं, कोणाला कधी उतरवलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. हे कशासाठी शिकायचं असं एखाद्याने विचारलंच तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: परीक्षेत येतं म्हणून. खरं सांगायचं तर त्यांनाही दुसरं उत्तर माहीत नव्हतं. स्वतःचा मुलगा दहावी पास झाला तेव्हा त्याला त्यांनीच बजावलं होतं की काहीही घे, पण इतिहास घेऊ नकोस, त्यात काही राहिलेलं नाही. नवरा लवकर गेला होता, घर एकटीच्या पगारावर चाललं होतं, आणि मुलगा लवकर हाताशी यावा एवढीच त्यांची इच्छा होती. तो आला. औषधांच्या कंपनीत विक्रीच्या कामाला लागला, लग्न झालं, आणि बाईंच्या दोन खोल्यांत तिघंजण एकमेकांना वाट देत राहू लागले.

निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी शाळेतून शिपायाचा फोन आला. इतिहासाचं कपाट रिकामं करायचं होतं, तिथे प्रिंटर ठेवायचा होता. तुमचं काही असेल तर घेऊन जा, नाहीतर रद्दीवाला दुपारी येतोय, असं तो म्हणाला. बाई गेल्या. कपाटात फाटके नकाशे होते, एक मोडका पृथ्वीगोल होता, आणि खालच्या दोन फळ्यांवर मुलांच्या प्रकल्पवह्यांचे गठ्ठे होते. दरवर्षी नववीला दहा मार्कांसाठी 'आपल्या गावाचा इतिहास' असा प्रकल्प असे. बहुतेक पोरं एकाचं बघून दुसरा असं उतरवायची. बाई गठ्ठे सोडून वरवर चाळत गेल्या आणि त्यांनी एकच वही बाजूला काढली. तीही मजकुरासाठी नाही, अक्षरासाठी. मोत्यासारखं अक्षर म्हणतात ते अक्षरशः तसं होतं. त्या अक्षरापायी वर्गाने त्या पोराचं नाव 'मोत्या' ठेवलं होतं, आणि मोत्या हे कुत्र्याचं नाव असतं म्हणून तो दर मधल्या सुट्टीत कोणाशी तरी मारामारी करायचा. सुनेला दाखवू, आजकाल असं कोणी लिहीत नाही, अशा विचाराने बाईंनी वही पिशवीत टाकली. बाकीचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढले.

वही चार दिवस टीव्हीवर पडून होती. पाचव्या दिवशी वीज गेली, घरात दुसरं वाचायला काही नव्हतं, म्हणून बाई खिडकीशी बसून ती वाचू लागल्या. विषय होता गावातला कौलांचा कारखाना. तो बंद पडूनही आता जमाना झाला होता. पहिली सहा पानं कारखाना कोणी काढला, त्याचा फोटो, उद्घाटनाला कोण आलं होतं, अशी होती. सातव्या पानावर मोत्याने एका म्हाताऱ्या गाडीवानाची गाठ घेतली होती आणि तो जे बोलला ते जसंच्या तसं उतरवलं होतं.

'कारखान्यामागे मातीच्या तीन खाणी होत्या. मधली सगळ्यात खोल. माती संपली तशी त्यांत पाणी साठलं. कारखाना बंद झाल्यावर आम्ही सात गाडीवाले चार वर्षं तिथे राख, फुटकी कौलं आणि सगळ्या गावचा कचरा टाकत होतो. वरून हातभर माती पसरली. आता बघितलं तर कोणाला कळणार नाही. चिमणीपासून उत्तरेला दीडशे पावलं चाललं की मधली खाण लागते. तिथे गवत चांगलं येतं, पण मी अजून तिथे गाडी नेत नाही.'

त्या परिच्छेदाला डाव्या बाजूने तांबडी उभी रेघ ओढलेली होती आणि समासात तांबड्या शाईने लिहिलं होतं: अनावश्यक. विषय सोडून लिहू नये. खाली दहापैकी आठ मार्क होते आणि बाईंची सही होती.

त्या शेऱ्याचा विचार बाईंच्या मनात नंतर आला. आधी आठवली ती चिमणी. कारखान्याची अर्धी पाडलेली चिमणी मुलाने परवाच फोनवर फोटोत दाखवली होती. कारखान्याच्या जागेवर होणाऱ्या नव्या वसाहतीच्या फाटकाजवळ शोभेसाठी ती तशीच ठेवणार होते, भोवती बाकं टाकणार होते. फाटकापासून उत्तरेला तिसरी इमारत, दुसरा मजला, तिथे मुलाने जागा घेतली होती.

संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर बाईंनी त्याच्यापुढे वही ठेवली. त्याने उभ्या उभ्याच पान वाचलं. म्हणाला की पालिकेने परवानगी दिली आहे, माती तपासली आहे, बँकेने कर्ज दिलं आहे, एवढी माणसं काय डोळे मिटून बसली आहेत का? बाई म्हणाल्या की एकदा विचारायला काय हरकत आहे. मग तो जे बोलला ते बाईंनी पुढे पुष्कळ दिवस कोणाला सांगितलं नाही.

"आई, जन्मभर तू मेलेल्या लोकांची उठाठेव केलीस. आता आम्हाला जरा जगू दे."

सून ताटं मांडत होती. तिने वही उचलून अलगद बाईंच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी बाई पालिकेत गेल्या. बांधकाम विभागाच्या इंजिनिअरांना भेटायचं म्हटल्यावर बाहेरच्या कारकुनाने बाकावर बसायला सांगितलं. तासाभराने आत बोलावलं तेव्हा टेबलामागचा माणूस खुर्चीतून ताडकन उठून उभा राहिला. केस मागे हटलेले, गळ्यात चष्म्याची दोरी. बाईंनी त्याला ओळखलं नव्हतं. ओळखलं ते टेबलावरच्या कागदावरचं अक्षर.

मोत्याने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, तब्येत विचारली. वही बघून तर तो हरखूनच गेला. पानं उलटताना त्याचा चेहरा चौदा वर्षांच्या पोरासारखा झाला होता. गाडीवान कुठे राहायचा, त्याने याला गूळ कसा खायला दिला होता, हे तो सांगत बसला. मग सातवं पान आलं आणि तो थांबला. पान त्याने दोनदा वाचलं.

बाईंनी विचारलं की हे तुला आठवत नव्हतं का? तो खरं बोलला. नव्हतं आठवत, म्हणाला, दहा मार्कांसाठी लिहिलं आणि विसरून गेलो. मग त्याने भिंतीवरचा नकाशा दाखवला. जागेत चार ठिकाणी भोकं पाडून माती काढली होती, चारही ठिकाणी कठीण लागलं होतं. बाईंनी चष्मा लावून पाहिलं. चारही खुणा कडेला होत्या. मधे का नाही घेतलं, असं विचारल्यावर तो म्हणाला की मधे मातीचा आणि दगडांचा ढीग होता, यंत्र जात नव्हतं, आणि नियमात चार म्हटलं आहे, कुठे ते म्हटलेलं नाही. पाया तिसऱ्या इमारतीपर्यंत घालून झाला होता. आता थांबवायचं म्हणजे वरून खालपर्यंत सगळ्यांना उत्तरं द्यावी लागणार, आणि कशाच्या आधारावर, तर नववीतल्या पोराच्या वहीच्या.

"तुझ्याच वहीच्या," बाई म्हणाल्या.

मोत्याने वही त्यांच्याकडे फिरवली आणि समासातल्या शेऱ्यावर बोट ठेवलं.

"बाई, रागावू नका. पण हे तुम्ही लिहिलंय. दोन मार्कांसाठी माझा पहिला नंबर गेला होता. घरी जाऊन रडलो होतो मी. तेव्हापासून अनावश्यक असं काही लिहीत नाही."

तो हसून म्हणाला होता. त्याला टोचायचं नव्हतं, निदान पूर्णपणे नव्हतं. बाईंना मात्र ते टोचलं. त्या वर्गात असताना त्याने एका म्हाताऱ्याचं बोलणं कान देऊन ऐकलं होतं, जमिनीखाली काय आहे ते शोधून आणलं होतं, आणि सगळ्या शाळेत इतिहास असा त्या एकाच पोराने केला होता. त्याला दोन मार्क कापून तो पुन्हा करायचा नाही असं त्यांनीच शिकवलं होतं.

तरी त्यांनी बाहेर बसून अर्ज लिहिला, सातव्या पानाची झेरॉक्स जोडली, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला आणि घरी आल्या. अर्जाचं पुढे काय झालं ते त्या दोनदा विचारून आल्या. दोन्ही वेळा तो 'वर' गेला होता.

पुढच्या वर्षी मुलगा आणि सून नव्या जागेत राहायला गेले. बाई आपल्या दोन खोल्यांतच राहिल्या, पण त्यांच्याकडे जाण्यायेण्याला त्यांनी नकार दिला नाही. नकार दिला असता तर मुलाने ते जन्मभर मनात ठेवलं असतं. पडदे त्यांनीच शिवून घेतले, तेही त्याच इमारतीतल्या शिंप्याकडून. शिंपी तिथला रहिवासी नव्हता. लांबून सायकलवर यायचा आणि जिन्याखालच्या जागेत मशीन टाकून बसायचा. बायकांनीच त्याला बोलावून बसवलं होतं, कारण गावात जायला वेळ कोणाला होता? कमी बोलणारा माणूस. माप घेताना टेप तोंडात धरायचा आणि हूं हूं करून उत्तरं द्यायचा.

पहिल्या पावसाळ्यानंतर न्हाणीघरातलं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे वाहू लागलं. मग दारं अडकायला लागली. सुताराने ती तासून दिली, तीन महिन्यांनी पुन्हा तासली. सगळ्यांनी सुताराला शिव्या दिल्या. दुसऱ्या वर्षी जिना आणि भिंत यांच्यामध्ये फट दिसू लागली. आधी पोस्टकार्ड जाईल एवढी, मग बोट जाईल एवढी. कंत्राटदाराचा माणूस येऊन सिमेंट भरून गेला. बाई पालिकेत पुन्हा गेल्या, तेव्हा मोत्या जागेवर नव्हता. आत असून नाही म्हणून सांगितलं, असा त्यांना संशय आला.

एका दुपारी, पावणेतीनच्या सुमाराला, जिना खाली बसला. फार मोठा आवाजही झाला नाही, असं सून सांगायची. कोणीतरी जड कपाट ओढावं तसा झाला. तिला आणि वरच्या मजल्यावरच्या लोकांना शिडी लावून उतरवलं. शिंपी जिन्याखाली होता. त्याला काढायला संध्याकाळ झाली.

आठवड्याभरात तिन्ही इमारती रिकाम्या केल्या. मुलगा आणि सून बाईंच्या दोन खोल्यांत परत आले. जागेचे हप्ते चालूच होते. मुलगा आईला एक शब्द चांगला बोलला नाही, वाईटही बोलला नाही. आईचं खरं निघालं यासाठी तो तिला क्षमा करू शकत नव्हता, आणि ते त्याचं त्यालाही कळत नसावं.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. बाईंना पत्र आलं की अर्जाला जोडलेलं पान कार्यालयात सापडत नाही, मूळ वही घेऊन हजर राहावं. आदल्या दिवशी सकाळी चहा पिताना मुलगा म्हणाला, "तिथे पहिला प्रश्न हाच येणार, अनावश्यक हे कोणी लिहिलं. काय सांगणार आहेस?"

 मुलगा कामाला आणि सून बाजारात गेल्यावर बाईंनी वही काढली आणि ते एक पान समोर ठेवलं. त्यांना त्या संध्याकाळी ढिगाऱ्याशी बसलेल्या शिंप्याच्या बायकोचा चेहरा दिसत होता. तीही उद्या तिथे येणार होती. अर्धं ब्लेड घेऊन त्यांनी तांबडी शाई खरवडायला सुरुवात केली. हलक्या हाताने, एका दिशेने, मधेच फुंकर मारत. ही कला त्यांना चांगली माहीत होती. प्रगतिपुस्तकातले मार्क खरवडणारी कितीतरी पोरं त्यांनी पकडली होती, पान खिडकीकडे धरून. 'अनाव' एवढं गेलं आणि कागद इतका पातळ झाला की पलीकडचं अक्षर दिसू लागलं. त्या थांबल्या. आपण काय करतोय हे कळलं तेव्हा त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. पण खरवडलेलं परत लावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी सातवं पान वाचलं, चष्मा काढला आणि पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. मग कंत्राटदाराच्या वकिलाकडे सरकवलं. वकिलाला फार कष्ट पडले नाहीत. इथे काय होतं? कोणी काढलं? कधी? बाईंनी तिन्ही प्रश्नांची उत्तरं खरी दिली. खोटं बोलायचं त्यांच्या अंगातच नव्हतं, आणि आदल्या दिवसाचं ते एक सोडलं तर जन्मात त्यांनी खाडाखोड केली नव्हती. पण हे सांगायला कोणी विचारलं नाही. मोत्याला विचारलं की हे लिखाण तुमचं आहे का? तो बाईंकडे न बघता म्हणाला, "अक्षर माझं वाटतं. पण पानावर नंतर काय काय केलं गेलं आहे, ते मी सांगू शकत नाही."

वही बाजूला ठेवली गेली, आणि बाईंच्या अर्जाची शिक्क्याची प्रतही, कारण तिचा सगळा आधार ती वहीच होती. अहवालात लिहिलं की सदर जागेच्या पूर्वस्थितीबाबत विश्वासार्ह नोंद उपलब्ध नव्हती, त्यामुळे संबंधित अधिकाऱ्यांवर ठपका ठेवता येत नाही. मोत्याची बदली झाली, बढतीवर. मृतांच्या रकान्यात एक आकडा होता आणि पुढे 'जिन्याखाली अनधिकृतपणे बसलेला एक बाहेरील इसम' असं होतं. नाव नव्हतं.

महिन्याभराने शिंप्याची बायको बाईंच्या दारात उभी राहिली. तिला भांडायचं नव्हतं. तिचं एवढंच म्हणणं होतं की तो घुसून बसला नव्हता, तुम्ही लोकांनी बोलावून बसवला होता, तर तेवढं नावासकट लिहून द्या. शिकलेल्या आहात, तुमच्या शब्दाला मान असेल.

बाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "माझ्या एकटीच्या सहीने आता तुमचं काम होणार नाही, उलट बिघडेल. मी लिहिते, सह्या दुसऱ्यांच्या घेऊ."

त्यांनी पानभर लिहिलं. शिंप्याचं पूर्ण नाव, तो कुठून यायचा, कोणत्या महिन्यापासून बसायचा, त्याला कोणी कोणी बोलावलं, कोणाकोणाचं काय काय शिवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या एखाद्या माणसाचा इतिहास लिहीत होत्या आणि त्यात सन एकच होता. मग पंधरा दिवस त्या रहिवाशांना शोधत गावभर फिरल्या. कोणी भाड्याने गेलं होतं, कोणी नातेवाइकांकडे. बऱ्याच जणांनी चहा दिला आणि सही दिली नाही. सगळ्यांना पर्यायी जागेची वाट होती, पालिकेशी वाकड्यात शिरायची कोणाची तयारी नव्हती. तीन सह्या झाल्या.

घरी मुलाने कागद वाचला आणि परत ठेवला. यादीत आपलाही नंबर आहे, तेवढं लक्षात ठेव, एवढंच म्हणाला. सून स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिने खाली वाकून चौथी सही केली आणि परत आत गेली. त्यावरून त्या दोघांत चार दिवस अबोला होता.

कागद बाईंनी स्वतः पालिकेत नेऊन दिला. शिंप्याची बायको दर सोमवारी चौकशीला यायची, दारातूनच विचारायची आणि दारातूनच जायची. बाई दर वेळी सांगायच्या की अजून काही आलेलं नाही. थंडी संपता संपता ती यायची बंद झाली. बाईंनी तिच्या पत्त्यावर जाऊन पाहिलं, तर खोलीला दुसऱ्याच कोणाचं कुलूप होतं. उत्तर तोवर आलं नव्हतं, नंतरही आलं नाही.